काळं तांबं

आर. के. पुरम, नवी दिल्ली
३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. तीस वर्षांनी लिहिताना ते बरोबर वाटेना, आणि नुसतं पद्माकर लिहायची माझी हिंमत नाही. म्हणून दादा.

आज भाऊबीज आहे हे मला माहीत आहे. त्यासाठी लिहीत नाही. तसं असतं तर मधल्या एखाद्या भाऊबिजेला लिहिलं असतं.

लिहिते आहे कारण काल मी तांब्यावर पहिला ठोका घातला, आणि हे कोणाला सांगावं ते कळेना. श्रावस्तीला सांगितलं. माझी मुलगी, तू तिला पाहिलेलं नाहीस. सरकारी नोकरीत आहे, हे क्वार्टर तिच्याच नावावर आहे. ती म्हणाली, "अच्छा? मस्त, आई," आणि परत फोनमध्ये डोकं. तिची चूक नाही. कासाराच्या घरात ठोक्यांच्या आवाजावर झोपलेल्या माणसालाच ते कळणार. अशी आता दोनच माणसं उरली, तू आणि मी.

नीट पहिल्यापासून सांगते.

अंबादास असताना आम्ही दर रविवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात जायचो. (ज्यांच्यासाठी मी घर सोडलं त्यांचं नाव मी लिहिणार आहे. तुला वाचायला जड जाईल, पण नावाशिवाय माझं कुठलंच वाक्य पुरं होत नाही.) नववीत शाळा सुटलेल्या बाईला त्यांनी वाचायला बसवलं, आधी मराठी, मग हिंदी, मग डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी. ते जाऊन साडेतीन वर्षं झाली. मी अजून जाते. त्यांना आवडेल असं एखादं पुस्तक उचलते, चाळते आणि परत ठेवते.

ऑगस्टमध्ये एक चित्रांचं जाड पुस्तक हाती लागलं. जपानी तलवारींचं, पण त्यात तलवारी नव्हत्या. तलवारीचं लेणं होतं. आपल्याकडे मुठीला परज असते, हात पात्यावर घसरू नये म्हणून, तशी त्यांची गोल परज. मुठीच्या तोंडाशी एक कडं. मुठीच्या टोकाला एक टोपण, पेढ्याएवढं. आणि त्या पेढ्यावर पक्षी, लाटा, गवत, आणि सगळीकडून खसखशीएवढे दाणे, ओळीनं. दादा, मी तिथेच फुटपाथवर बसले.

एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर येऊन उभे राहिले. "बहनजी, ये किताब आप लेंगी?"

"देख रही हूँ."

"कुछ समझ में आ रहा है?" थोडं चिडवूनच.

मी चित्रावर बोट ठेवलं. म्हटलं, "ये पत्ता पीछे से ठोका है, ये लकीर आगे से. ये दाने साँचे के नहीं हैं, एक-एक बिठाया है. और यहाँ हाथ चूका है, देखिए."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आप हैं कौन?"

"कासार की बेटी."

त्यांना कळलं नाही. मग म्हटलं, "ठठेरा. ताँबे-पीतल वाले."

ते इंद्रजित सर. सत्याहत्तर वर्षांचे. म्युझियममध्ये जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करायचे. तरुणपणी अकरा वर्षं जपानात एका गुरूंच्या घरी राहून हेच काम शिकले. मुनिरका गावात त्यांची एक खोली आहे, आमच्या क्वार्टरपासून चालत वीस मिनिटं. म्हणाले, सीखेंगी? मी नाही म्हटलं. बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत फिरले.

घरात बाबांनी कधी हातोडी हातात घेऊ दिली नाही. "पोरीच्या हाताला घट्टे पडले तर सासरी काय सांगू?" मी उंबऱ्यात बसून बघायची. तू गल्ल्याशेजारी बसून भांड्यांवर नावं घालायचास, ठिपक्या-ठिपक्यांची. तुझ्या 'अ'चं शेपूट नेहमी लांब व्हायचं आणि बाबा ओरडायचे. मला ते सगळं हातात आहे असं वाटायचं. परवापर्यंत ते नुसतं डोळ्यांत होतं. सरांनी हातोडी दिली, मी ठोका घातला, आणि ते म्हणाले, "किसने सिखाया?" काय सांगू? मी म्हटलं, किसी ने नहीं.

एक विचारायचं आहे. पत्रा ज्या राळेत बसवून ठोकतात, तिच्यात बाबा विटेची पूड किती घालायचे? आणि तेल कुठलं? सरांची जपानहून आणलेली राळ संपत आली आहे.

आणखीही एक विचारायचं होतं. राहू दे.

अरुणा

आर. के. पुरम
१ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे दुकान तिथेच आहे आणि पोस्टमनने ते तुझ्या हातात दिलं. एवढ्या भांडवलावर पुढचं लिहिते.

राळेचं मीच निस्तरलं. थंडी पडली आणि ती काचेसारखी झाली. छिन्नी ठेवली, ठोका दिला, तर पत्रा उडाला तो थेट सरांच्या चहात. सर कपात बघून म्हणाले, "अरुणाजी, चीनी पहले से थी." मग मी ती वितळवून मोहरीचं तेल घातलं. इथे तेच घरात असतं. आता बरी आहे, पण हाताला चिकटते.

आता ऐक. त्या खसखशीच्या दाण्यांसाठी एक छिन्नी असते, टोकाला खळगा असलेली. एक ठोका, एक दाणा. दुसरा दाणा पहिल्याला टेकून, पण त्याच्यावर चढायचा नाही. एक तिरका गेला की पुढची ओळ तिरकी आणि पत्रा वाया. सर म्हणतात जपानात काही माणसं जन्मभर फक्त दाणेच घालायची. मी म्हटलं, हे तर मठारणं आहे! बाबा हंड्याभोवती फिरत एकाला एक लागून ठोके घालायचे, तेच. तो हंडा लहान होत होत बोटाच्या पेराएवढा झाला असं समज.

मागच्या शनिवारी माझे पाचशे बारा दाणे पडले, एकही न चुकता. मी ओरडलेच. सर म्हणाले, "धीरे. पड़ोसी समझेंगे लॉटरी लगी है." घरी येऊन श्रावस्तीला भिंगातून दाखवलं. म्हणाली, "आई, ही तर इडलीची रवा-साईज पण नाहीये. तुला दिसतं कसं यार?" मला दिसत नाही, दादा. कानाला कळतं. दाणा बरोबर बसला की आवाज गोल येतो. तुला माहीत आहे.

आता जे मागच्या वेळी राहू दिलं ते लिहिते.

हे लोक तांब्यात सोनं घालतात. शंभराला चार. घातल्यावर काही दिसत नाही, तांबं तांब्यासारखंच. पण काम पुरं झाल्यावर एका काढ्यात उकळलं की ते काळं होतं. नुसतं तांबं होत नाही. पोटात सोनं असेल तरच काळं होतं. मी दोनदा विचारलं, सोनं घालून काळं? सर म्हणाले, "यही तो मज़ा है."

कडं आणि टोपण ही जोडी असते. दोन्ही एकाच मुशीत वितळवलेल्या धातूची हवीत, नाहीतर काळ्या-काळ्यात फरक पडतो. मला माझी पहिली जोडी करायची आहे. सर फेब्रुवारीच्या शेवटी जपानला जाणार, गुरूंच्या घरी. गुरू आता नाहीत, त्यांची मुलगी त्यांच्या जागी कामाला बसते. शिकणाऱ्याची पहिली जोडी त्या घरात नेऊन दाखवायची, अशी रीत आहे. सर पुन्हा कधी जातील, जातील की नाही, त्यांनाही माहीत नाही. माझी जोडी याच खेपेला जायला हवी.

माझ्याकडे सोन्याची एक वाटी आहे. मंगळसूत्राची. लग्नात दोन ओवतात, एक सासरची, एक माहेरची. माझ्या सासूबाईंनी सासरची ओवली आणि शेजारी पोतीची गाठ मारून जागा सोडली. म्हणाल्या, "तिकडची आली की ओवू." सत्तावीस वर्षं मी ती वाटी आणि ती गाठ घालून हिंडले. अंबादास गेल्यावर काढून डब्यात ठेवलं. कोणी काढ म्हणालं नव्हतं.

माझी माहेरची वाटी बाबांनी मी अठराची झाले तेव्हा करून घेतली होती. आईच्या कुंकवाच्या करंड्यात असायची. ती अजून असेल तर पाठवशील का? सर म्हणतात एका वाटीत टोपण होईल, कडं होणार नाही.

हक्क म्हणून मागत नाही. दागिना म्हणूनही नाही. मोडायला मागते आहे, हे आधीच सांगते.

सरांनी नक्षी बघून उतरवायला एक जुनं टोपण घरी दिलं आहे. त्यांच्या गुरूंच्या हातचं, काळं. ते ठीक आहे.

अरुणा

आर. के. पुरम
२२ डिसेंबर २०२४

दादा,

मागच्या पत्रात 'ते ठीक आहे' लिहिलं ते खोटं होतं. ते लिहिलं तेव्हा टोपण माझ्यासमोर ओट्यावर होतं, आणि ते गुलाबी होतं.

काय झालं ते तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला हे इतकं कळणार नाही. नक्षी कागदावर उतरवून झाली. दुसऱ्या दिवशी टोपण परत करायचं होतं. आईने काय शिकवलं आपल्याला? मागून आणलेलं भांडं घासूनपुसून परत द्यावं. माझ्या हाताने चिंच भिजत घातली. मीठ घातलं. उदबत्तीच्या घरातली राख घेतली. मी त्या वेळी भाजीला काय करावं याचा विचार करत होते, दादा. हात आपला चालत होता. पन्नास वर्षांचं काळं पाच मिनिटांत उतरलं आणि खाली तांबं असं लखलखलं की मी क्षणभर खूशच झाले.

श्रावस्ती पाणी प्यायला आली. "आई, हे काळं होतं ना?"

"घासलं."

"कशाने?"

"चिंचेने."

"ओह गॉड. आई, ते अँटिक होतं यार!"

नऊ दिवस मी मुनिरक्याला गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. सरांनी फोनवर आल्याचा चहा कसा करायचा ते सांगितलं, त्याने आणखी लाज वाटली. दहाव्या दिवशी रुमालात बांधून घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर सोडलं.

सरांनी रुमाल जवळ ओढला. समोर चहा होता, तो थंड झाला. मग म्हणाले, "गुरुजी ने ये मुझे चलते वक़्त दिया था."

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनाच माझी समजूत घालावी लागली असती. मी म्हटलं, "हमारे यहाँ माँगी हुई चीज़ माँजकर लौटाते हैं. मुझसे वही हुआ. सिखाना बंद करना हो तो कीजिए."

त्यांनी भिंग लावलं. उलटसुलट केलं. खिडकीशी नेलं. "किससे माँजा?"

"इमली, नमक, राख."

"नक़्क़ाशी को कुछ नहीं हुआ." परत भिंग. "और उँगली का एक दाग़ नहीं है. चिकनाई का निशान तक नहीं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपको मालूम है, काला करने से पहले इतना ही साफ़ करना पड़ता है? गुरुजी ने मुझे तीन साल डाँटा कि तुमसे नहीं होता. तीन साल!" आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, ते कशाने ते मी विचारलं नाही. "अब काला भी आप ही करेंगी."

दादा, कसं करतात सांगू? तुझा विश्वास बसणार नाही. मुळा!

पांढरा मुळा किसायचा. तांब्याच्या भांड्यात पाणी, त्यात मोरचूद आणि जंगाल, तांब्यावर चढतो तो हिरवा गंज, उकळी आलेली. टोपण तांब्याच्या तारेला टांगायचं, बोट लावायचं नाही, किसलेल्या मुळ्यात बुचकळायचं आणि तसंच पाण्यात सोडायचं. सर म्हणतात दिल्लीत जपानसारखी एकच गोष्ट मिळते, हिवाळ्यातला मुळा. खोलीभर वास, पराठ्यांच्या गाडीवर असतो तसा. मी तार हलवत राहिले. आधी तपकिरी झालं. मला वाटलं बिघडलं. मग जांभळं. मग सर म्हणाले, "अब देखिए," आणि ते आतून अंधारून आलं. कोळशाचं काळं नाही, तव्याचं नाही. पावसात भिजलेल्या कावळ्याच्या पंखाचं काळं, ज्यात निळं असतं. मी टाळ्या वाजवल्या. तार हातात होती हे विसरून! मोरचुदाचं पाणी सरांच्या पायजम्यावर, निळे डाग, ते अजून गेलेले नाहीत.

पन्नास वर्षांचा काळा तो नाही, सर म्हणाले, पण होईल. पन्नास वर्षं थांबायचं.

आपल्या घरात काळं तांबं म्हणजे आळशी बाईची खूण. मी आयुष्यात पहिल्यांदा लाल तांबं काळं केलं, आणि घरी येताना मला कोणीतरी रस्त्यात अडवून विचारावं असं वाटत होतं, बाई, काय झालं, एवढ्या खुशीत का?

वाटीचं विचारलं होतं. द्यायची नसेल तर नाही म्हण. अंबादास गेले तेव्हा श्रावस्तीने दुकानावर फोन केला होता. तू 'बरं' म्हणालास आणि ठेवलास. त्या एका 'बरं'वर मी बरेच दिवस काढले. पण त्याने पोट भरत नाही.

अरुणा

आर. के. पुरम
१२ जानेवारी २०२५

दादा,

तुझं कार्ड आलं. कार्ड! मला वाटलं होतं ती आता मिळत नाहीत. श्रावस्तीने टपालपेटीतून वर आणलं आणि दारातूनच वाचलं: 'चि. अरुणास. चिंच, मीठ, राख. बाबांनी पाठ थोपटली असती. राळेत मोहरीचं तेल घालतात होय? जवसाचं घाल. वीट राळेच्या निम्मी. पद्माकर.'

"आई, मामा फनी आहे," ती म्हणाली. तिने मामा हा शब्द कोणासाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मी कार्ड सरांना हिंदी करून सांगितलं. ते म्हणाले, "भाईसाहब ठीक कह रहे हैं, सरसों से चिपचिपी होगी ही." आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणे मला जपानी राळ माहीत, ठठेऱ्यांची कुठे माहीत! जवसाचं तेल इथे रंगाच्या दुकानात मिळालं, 'अलसी का तेल' म्हणून. काय राळ झाली, दादा! पत्रा धरते पण चिकटत नाही. छिन्नी आता पाण्यावर चालल्यासारखी चालते. टोपणावर काय करायचं तेही ठरलं: चिंचेचा आकडा. सर म्हणाले, "जापान में किसी ने इमली देखी नहीं होगी." मी म्हटलं, तिचा प्रताप तरी सरांनी आधी कुठे बघितला होता.

कार्डात वाटीचं काही नाही. पुन्हा विचारत नाही. नुसतं कळवते, सर २ फेब्रुवारीला भट्टी पेटवणार. तोवर सोनं जेवढं असेल तेवढं. एकाच वाटीचं असेल तर एकटं टोपण करू आणि जोडी पुढे कधी. मी हो म्हटलं. पण एकटं टोपण त्या घरात नेऊन दाखवत नाहीत.

आणि एक गंमत. कड्याच्या आतल्या बाजूला साध्या तांब्याची चकती असते, तिच्यावर करणाऱ्याने नाव घालायचं. आधी गाव, मग नाव. सरांनी विचारलं, गाव कोणतं लिहाल? श्रावस्ती म्हणते, "दिल्ली लिही ना, सिंपल." तिचं गाव दिल्लीच आहे. मी सरांना म्हटलं, आधी कडं तर होऊ द्या.

परवा संक्रांत. गूळ इथे आपल्या भंडाऱ्याच्या बाजारासारखा मिळत नाही.

अरुणा

आर. के. पुरम
२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

पार्सल ३१ जानेवारीला पोचलं होतं. मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर हाताने करायचं होतं. आज झालं.

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. 'वाटी नाही. आई गेली तेव्हा तोंडात तुळशीच्या पानावर सोनं ठेवायचं, तर तिने आधीच सांगितलं होतं, दुसरं कुठलं नको, अरुणाचं ठेवा, तिला द्यायचं राहिलं ते मी घेऊन जाते. मी माझ्या हाताने ठेवली. तुला हे तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही.'

आई माझ्यावर रागावून गेली असं मी सोळा वर्षं धरून चालले होते. अंबादास म्हणायचे, तुला काय माहीत? मी म्हणायची, मला माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं.

मग तांब्या बाहेर काढला. गोणपाट, त्यात वर्तमानपत्र, त्यात तो. काळा पडलेला. मी चिंच लावली नाही, शपथ. नुसता ओला हात फिरवला तर पोटावर ठिपके लागले. 'चि. सौ. कां. अरुणा.' 'अ'चं शेपूट लांब.

तू लिहिलंस, 'तुझ्या लग्नासाठी केलेल्या भांड्यांतला. तू गेल्यावर बाकीची मोडीत घातली. नाव घातलेलं भांडं विकता येत नाही आणि नाव खोडायला मला जमलं नाही. बाबांनीही कधी खोड म्हटलं नाही. जुनं तांबं चांगलं असतं. काप.'

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, सोनं नाही आलं, हे आलं. सरांनी टिचकी मारून कान लावला. मग नाव बघितलं, म्हणाले वाचून दाखवा. मी दाखवलं. त्यांनी कागद घेतला आणि आकडे मांडत बसले. पत्रा थोडा पातळ धरू. शंभराला चारऐवजी तीन. "काला ज़रा कम गहरा होगा, बैंगनी-सा," ते म्हणाले, "मगर जोड़ी पूरी होगी. और अरुणाजी, सौ में सत्तानवे तो ताँबा ही है. ये क्यों भूल रहे थे हम?"

तांब्याचा तळ आणि गळा कापला. माझ्याच हाताने. करवत लावताना एकदा थांबले, मग तुझा 'काप' आठवला. मुशीत तांबं पाण्यासारखं झालं तेव्हा सरांनी डबा माझ्या हातात दिला. मी पोतीतून वाटी सोडवली आणि आत टाकली. ती क्षणभर वर दिसली, टिकलीएवढी. मग दिसली नाही. मला वाटलं होतं मी त्या वेळी अंबादासांचा विचार करीन. मी केला तो असा, की हे बघायला त्यांना किती मजा आली असती. त्यांनी सरांना शंभर प्रश्न विचारले असते आणि सरांचा चहा पुन्हा थंड झाला असता.

मग तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. श्रावस्ती ऑफिसातून येऊन खिचडी लावायची आणि म्हणायची, "आज किती?" मी आकडा सांगायची. कड्यावर दोन हजार तीनशे दाणे आहेत, टोपणावर साडेअकराशे आणि चिंचेचा एक आकडा, त्यातली एक चिंच किडलेली, मुद्दाम. दोन ठिकाणी हात चुकला आहे. कुठे ते मी सांगणार नाही, तुला दिसेल.

काल मुळा किसला. चकती कड्यात बसवून झाली होती, त्यामुळे सगळं एकाच पाण्यात गेलं. कडं आणि टोपण काळं झालं, सर म्हणाले होते तसं जांभळट, वांग्याच्या सालीसारखं. आणि चकती त्याच पाण्यात, त्याच मुळ्यात, काळी झालीच नाही. लाल झाली, जुन्या विटेसारखी. सोनं नव्हतं ना तिच्यात. दोन्ही रंग शेजारी बघून मी आणि सर, दोन म्हातारी माणसं, खोलीत नुसते एकमेकांना दाखवत होतो, हे बघा, इकडून बघा, उजेडात बघा.

सर गुरुवारी निघणार. आज त्यांनी जोडी कापसात ठेवली. डबी बंद करण्याआधी चकतीवर बोट ठेवून म्हणाले, "वहाँ पूछेंगे कि नाम किसने काटा, हाथ अलग है." मी म्हटलं, सांगा, बड़े भाई ने, तीस साल पहले.

कारण ती चकती तांब्याच्या पोटाची आहे, दादा. लाकडावर हलक्या हाताने सपाट केली, ठिपका एकही मिटला नाही. 'चि. सौ. कां.' एवढं कापून ठेवलं आहे, 'अरुणा' चकतीवर आहे, तुझ्या शेपटाच्या 'अ'सकट. नाव तू आधीच घातलं होतंस. त्याच्याआधी 'भंडारा' तेवढं मी घातलं.

उरलेलं तांबं तुझ्या हातच्या एका कड्याला पुरेल. मुळा इथे होळीपर्यंत चांगला मिळतो, त्यानंतर तिखट होतो. त्याआधी ये, स्टेशनवर श्रावस्ती येईल. तिला सांगितलं आहे, मामा कसा ओळखायचा: उतरल्या उतरल्या कोणाच्या तरी हातातलं भांडं टिचकी मारून बघेल, तो.

तुझी
अरुणा